सोन्याचे कण, लेझरचा शेक आणि आमच्याकडचा तोंडाचा कॅन्सर : पैसे मंजूर करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जैवतंत्रज्ञान विभाग, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर आणि कॅन्सरच्या कुठल्या संशोधनाला पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या कमिट्यांमधले सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, डॉक्टर नाही आणि संशोधकही नाही. मागणी आधीच सांगतो म्हणजे पत्र अर्धवट सोडलंत तरी ती तुमच्यापर्यंत पोचेल. प्रकाश शोषून तापणारे सोन्याचे नॅनोकण वापरून कॅन्सरची गाठ आतून जाळायची जी पद्धत आहे, फोटोथर्मल थेरपी म्हणतात तिला, तिची तोंडाच्या कॅन्सरवरची नीट आखलेली, माणसांवरची ट्रायल आपल्या देशात व्हावी आणि त्यासाठी तुम्ही स्वतःहून पैसे बाजूला काढावेत. कोणी प्रपोजल घेऊन येईल मग बघू असं नाही, तुम्हीच बोलवा. ज्या पेशंटला आता दुसरा काही उपाय उरलेला नाही त्यांच्यापासून सुरुवात करा.

हे मी का लिहितोय ते सांगतो.

माझा मोठा भाऊ वीस वर्षं खर्रा खायचा. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटलेला, आमच्याकडे शाळेच्या गेटपासून तहसीलच्या पायरीपर्यंत मिळतो, गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे पण खर्रा पानठेल्यावर डोळ्यासमोर घोटून देतात. दादाचं तोंड आधी दोन बोटं उघडायचं, मग दीड, मग पोळीचा घास जाईना. गालाच्या आतली जखम दाखवायला गेला तेव्हा उशीर झालाच होता. २०१८ मध्ये ऑपरेशन झालं, गाल आणि जबड्याचा तुकडा काढला, छातीचं मांस वर लावलं, मग तीस शेक. आमच्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात, धर्मशाळेत सगळे एकमेकांना हेच विचारतात की तुमचे किती शेक झाले. तीन वर्षं बरी गेली. २०२१ मध्ये त्याच बाजूला पुन्हा गाठ आली आणि तेव्हा डॉक्टरांनी अगदी शांतपणे समजावून सांगितलं की आता कापायला जागा नाही आणि शेकाचा कोटा संपलाय, त्याच जागेवर परत तेवढा दिला तर हाड सडेल. मी त्या डॉक्टरांना अजिबात दोष देत नाही, ते खरं बोलले. घरी आलो, गोळ्या सुरू होत्या, आणि रात्री मी मोबाईलवर शोधत बसायचो की अजून काही आहे का. त्याच शोधात मला हा विषय सापडला. दादा २०२२ च्या फेब्रुवारीत गेला.

रेडिएशनला लोक शेक म्हणतात पण खरं तर तो शेक नाहीच, त्याने काही गरम होत नाही, ते पेशीचा डीएनए तोडतं. फोटोथर्मल मात्र शब्दशः शेक आहे आणि म्हणूनच हे फिजिक्स मला कळलं. वर्गात मी मुलांना मोबाईलचा टॉर्च तळहाताखाली धरायला सांगतो, हात लाल चमकतो, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश खाऊन टाकतं आणि लाल तेवढा पार होतो. लालच्या पलीकडे, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीच्या पट्ट्यात, अशी एक फट आहे की तिथे रक्तही फार शोषत नाही आणि पाणीही नाही. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितला की जांभळा ठिपका दिसतो ना, तो प्रकाश ९४० च्या आसपासचा असतो, या फटीच्या जरासा पलीकडचा. त्या फटीतला प्रकाश शरीरात एक-दोन सेंटिमीटर शिरतो आणि वाटेतल्या चांगल्या मांसाला फारसं काही करत नाही.

आता तिथे आत असं काहीतरी ठेवायचं जे नेमका हाच प्रकाश गिळेल आणि तापेल. सोन्याचे बारीक गोल कण पाण्यात टाकले तर पाणी लालभडक दिसतं, कारण सोन्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावे घेतात आणि साधारण ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश खातात. कणाचा आकार बदलला, लांबट काडी केली किंवा पोकळ कवच केलं, की तेच हेलकावे सरकत सरकत त्या ७००-९०० च्या फटीत येतात. ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीत नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी हेच केलं, मधे सिलिकाची गोळी, साधारण १२० नॅनोमीटरची, आणि वर सोन्याचा पातळ थर, एकूण कण १५० नॅनोमीटरच्या आसपास. केसाची जाडी याच्या पाचशेपट. कण गाठीत गेले, वरून लेझर मारला, की गाठ तापते. ५० अंशाच्या वर गेलं की काही मिनिटांत पेशीतली प्रोटीनं गोठतात, उकळत्या पाण्यात अंड्यातलं पांढरं जसं घट्ट होतं तसं. शेजारच्या मांसात कण नाहीत म्हणून ते तेवढं तापत नाही. सगळी युक्ती एवढीच आहे आणि मला ती पहिल्यांदा समजली तेव्हा मी रात्री दोन वाजता उठून बसलो होतो.

त्यांचा पहिला मोठा पेपर २००३ चा. २००४ मध्ये उंदरांच्या शेपटीच्या नसेतून कण सोडून लेझर दिला तर त्या उंदरांच्या गाठी गेल्या आणि नव्वद दिवसांनंतरही ते उंदीर ठणठणीत होते. माणसापर्यंत यायला पुढे बरीच वर्षं गेली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधून प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) कॅन्सरच्या १६ पुरुषांवरचा रिपोर्ट आला, कण आदल्या दिवशी नसेतून, मग एमआरआय आणि सोनोग्राफीची चित्रं जुळवून गाठीत प्रकाश नेणारी बारीक तार, म्हणजे फायबर, आणि त्यातून लेझर. १५ जणांची ट्रीटमेंट पूर्ण झाली. वर्षभराने बायोप्सी केली तेव्हा त्या १५ पैकी १३ जणांच्या जाळलेल्या जागेत कॅन्सर सापडला नाही, आणि लघवीवर किंवा लैंगिक क्षमतेवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. छोटा आकडा आहे, मान्य. शिवाय जाळलेल्या जागेत नाही म्हणजे सगळ्या प्रोस्टेटमध्ये नाही असं होत नाही, हेही मला कळतं. पण उंदीर आणि माणूस यांच्यातली ती एक मोठी दरी कोणीतरी ओलांडली, एवढं तर सिद्ध झालं.

अमेरिकेत त्यांनी प्रोस्टेट घेतलं हे त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे, तिथे पुरुषांमध्ये तो कॅन्सर खूप. आपल्याकडे काय आहे? २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे भारतात वर्षाला १ लाख ४० हजारांवर नवे पेशंट, सगळ्या जगात मिळून ३ लाख ९० हजारांच्या आसपास. म्हणजे जगातल्या तिघांमधला एक आपला, खरं तर त्याहून जास्त. आणि या थेरपीची सगळ्यात मोठी अडचण काय, तर प्रकाश खोल जात नाही. प्रोस्टेटपर्यंत पोचायला त्यांना सुया, एमआरआय, केवढा खटाटोप करावा लागला. गाल, जीभ, हिरडी तर समोर आहे हो! डेंटिस्ट आरसा घालून बघतो तिथे. दादासारखं तोंड उघडतच नसेल तरी केसांसारखं बारीक फायबर गालातून सुईने घालता येतं. आणि ज्या ८१० नॅनोमीटरच्या आसपासच्या लेझरने हे काम होतं, त्याच जातीचे डायोड लेझर डेंटिस्ट लोक हिरड्यांच्या कामाला आजही वापरतात. आजार आपला, प्रकाश पोचेल अशी जागा आपली, मग हे काम आपण का करू नये, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी खरंच उत्तर मिळावं म्हणून विचारतोय.

मला माहितीये तुमच्यातले डॉक्टर आता काय म्हणतील. म्हणतील की मास्तर, तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर ऑपरेशनने बरा होतो, मग हे कशाला. बरोबर आहे आणि म्हणूनच मी ऑपरेशनच्या जागी हे द्या असं म्हणतच नाहीये. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठींचं (लिम्फ नोड, जिथे कॅन्सर पसरतो) काय महत्त्व आहे हे तर आपल्याच परळच्या टाटा हॉस्पिटलने जगाला दाखवलं, डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमची ट्रायल, २०१५ ला छापून आली, मानेच्या गाठी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट जिवंत, वाट बघून मग काढल्या तर ६७.५ टक्के. तेव्हा नुसता गाल शेकून मान सोडून दिली तर पेशंटचं नुकसानच आहे. मी बोलतोय ते त्यांच्याबद्दल ज्यांना ऑपरेशन झालंय, शेक झालाय, आणि गाठ तिथेच परत आलीये. रेडिएशनचा एका जागेला कोटा असतो, उष्णतेचा तसा आयुष्यभराचा कोटा नसतो, हे मला या पद्धतीचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. दादासारख्यांना तीन महिने कमी दुखणं, जखमेचा वास नसणं, पातळ भात गिळता येणं, याचीही किंमत असते, हे ज्याने घरी पेशंट सांभाळलाय त्याला विचारा. वहिनी त्या जखमेवर दिवसातून चार वेळा गॉज बदलायची आणि मुलांना त्या खोलीत येऊ द्यायची नाही, वास लपवायला उदबत्ती लावायची. पोरांना अजूनही उदबत्तीचा वास नको होतो.

दुसऱ्या अडचणीही आहेत आणि त्या लपवून पैसे मागणं मला पटत नाही. सोन्याचे कण नसेतून दिले की ते सगळे गाठीत जात नाहीत, गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात म्हणून तिथे साचतात हे खरं, पण बहुतांश कण यकृत आणि प्लीहा उचलतात. टोरंटोच्या टीमने २०१६ मध्ये दहा वर्षांतले पेपर तपासून काढलेला मधला आकडा असा की दिलेल्या डोसपैकी फक्त ०.७ टक्के गाठीत पोचतो. शंभर रुपयातले सत्तर पैसे! उरलेलं सोनं शरीरात किती वर्षं राहतं, त्याने पुढे काही होतं का, याचा पाठपुरावा लागेल. तोंडाच्या बाबतीत कण सरळ गाठीतच टोचायचा रस्ताही आहे, प्राण्यांवर तो वापरलेला आहे, पण त्यात कण सगळीकडे सारखे पसरत नाहीत आणि जिथे नाहीत तिथल्या पेशी जगतात. गळ्याच्या मोठ्या धमनीजवळ गाठ असेल तर उष्णता जीवघेणी ठरू शकते, आधी शेक घेतलेल्या मांसाची जखम लवकर भरत नाही, आणि तापमान आत किती झालंय हे बघत बघत लेझर द्यावा लागतो, अंदाजे नाही. जबड्याच्या हाडात शिरलेल्या कॅन्सरला हे कितपत पुरेल याबद्दल मला फार आशा वाटत नाही. पण या सगळ्या गोष्टी ट्रायलमध्येच कळणाऱ्या आहेत, टेबलाभोवती बसून नाही.

आणि आपल्याकडे काही नाही असंही नाही. आयआयटी बॉम्बेच्या रोहित श्रीवास्तव यांच्या लॅबने आणि खारघरच्या ॲक्ट्रेकमधल्या (टाटाचंच संशोधन केंद्र) अभिजित डे यांच्या टीमने मिळून २०१५ मध्येच उंदरांवरचं काम छापलंय. त्यातली कल्पना मला ह्यूस्टनवाल्यांपेक्षाही आवडली. लिपोसोम म्हणजे चरबीचा बारीक फुगा, त्याच्यावर सोन्याचं आवरण, लेझरने गाठ तापते आणि नंतर तो कण फुटून अगदी बारीक तुकडे होतात जे पित्तावाटे आणि किडनीवाटे बाहेर पडू शकतात. म्हणजे सोनं शरीरात अडकून बसायची जी भीती मी वर सांगितली, तिच्यावरच त्यांनी काम केलंय. पवईत बनवलेला कण, खारघरमध्ये तपासलेला. ही गोष्ट मी माझ्या बारावीच्या वर्गात सांगितली तेव्हा एका मुलीने विचारलं, सर मग ते माणसांना कधी देणार? मी म्हटलं, बेटा, त्याला पैसे लागतात, वेळ लागतो. ती म्हणाली किती. ती कधी घरी बोलली नव्हती पण तिच्या बाबांचंही तोंड उघडत नाही हे मला नंतर कळलं.

किती लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, कारण तुम्ही हे एकदा करून दाखवलंय. कार-टी सेल थेरपी, म्हणजे पेशंटच्याच रक्तातल्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या. तीच आयआयटी बॉम्बे, तेच टाटा, आणि माणसांवरच्या पहिल्या ट्रायलसाठी नॅशनल बायोफार्मा मिशनमधून मंजूर झालेले १९.१५ कोटी. २०२१ मध्ये ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या पेशंटला दिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत लोकार्पण झालं, आणि परदेशात जी ट्रीटमेंट तीन-चार कोटींना पडते ती इथे साधारण दहाव्या भागात आली. ती बातमी आली त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, कोणाला कळलंच नाही कशाचे. तेव्हा आपल्याकडे हे होणार नाही असं मला कोणी सांगू नये. पवई ते खारघर हा रस्ता तुम्ही बांधलेलाच आहे, त्याच रस्त्यावरून अजून एक गाडी सोडायची आहे.

नियमही आहेत. क्लिनिकल ट्रायलचे नवे नियम २०१९ ला आले आणि त्याच वर्षी नॅनो औषधं कशी तपासायची याच्या गाइडलाइन्स तुमच्याच विभागाने आणि औषध नियंत्रकांनी काढल्या. कण प्रत्येक बॅचला सारखाच बनतो का, रक्तात गुठळी करतो का, कुठल्या अवयवात किती दिवस राहतो, सगळं विचारलंय त्यात. चांगलं काम आहे ते. पण लॅबमध्ये पीएचडीचा विद्यार्थी बीकरमध्ये कण बनवतो ते वेगळं आणि माणसाच्या नसेत जाईल अशा शुद्धतेने लिटरभर बनवणं वेगळं, त्याला जीएमपीची, म्हणजे औषध बनवायचे कडक नियम पाळणारी, जागा लागते, मोठ्या प्राण्यांवरच्या विषारीपणाच्या टेस्ट लागतात, आणि या कामातून नवा पेपर निघत नाही म्हणून प्राध्यापकाला प्रमोशन मिळत नाही, कंपनीला नफा दिसत नाही म्हणून ती हात लावत नाही. उंदीर आणि माणूस यांच्या मधला हा जो कोरडा पट्टा आहे ना, तिथे फक्त सरकारच पाणी घालू शकतं. माझी सगळी विनंती या एका पट्ट्यासाठी आहे.

अजून एक सांगायचंय आणि ते सांगताना मला आजही राग येतो. दादाला कापायला जागा नाही असं कळल्यावर नातेवाइकांपैकी कोणीतरी एक नंबर दिला, तिथून बाटली आली, गोल्ड नॅनो असं लेबल, महिन्याला अकरा हजार, सोबत इंग्रजी पेपरांची झेरॉक्स. ते पेपर खरे होते, मी वाचलेलेच होते, फोटोथर्मलचेच. पण त्या पेपरात लेझरशिवाय सोनं काहीच करत नाही! कण नुसता गाठीत जाऊन बसला तर तो बसूनच राहतो, त्याला तापवणारा प्रकाश लागतो, आणि चमच्याने प्यायलेलं सोनं गालाच्या गाठीत जाऊन साचतं असं तर कुठेच लिहिलेलं नाही. काही जण सुवर्णभस्मात बारीक कण असतात म्हणून तेही नॅनो मेडिसिनच असं सांगतात, तिथेही हाच प्रश्न विचारा, प्रकाश कुठेय. मी हे सगळं घरात समजावून सांगितलं तरी दादाने दोन महिने ती बाटली घेतली, कारण दुसरं काही घ्यायला नव्हतं, आणि मीही शेवटी गप्प बसलो कारण मरणाऱ्या माणसाच्या हातून बाटली हिसकावून घ्यायची हिंमत माझ्यात नव्हती. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण खरी ट्रायल कुठेच सुरू नसेल तर ती रिकामी जागा हेच लोक भरतात. उद्या जर मी कोणाला सांगू शकलो असतो की बाबा रे, याची खरी ट्रायल नागपूरला किंवा मुंबईला सुरू आहे, हा तिचा सीटीआरआयचा (ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा) नंबर, तिथे पैसे लागत नाहीत, तर ती बाटली कोणी घेतली असती?

म्हणून ट्रायल कराल तेव्हा ती फक्त मुंबईत करू नका. आमच्या भागातून मुंबईला जायला रात्रभराची ट्रेन, वर मजुरी बुडते, शेवटच्या स्टेजचा पेशंट परळच्या फुटपाथवर झोपतो. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या जाळ्यातली हॉस्पिटलं राज्यभर आहेत, विदर्भातलं एक तरी केंद्र पहिल्यापासून घ्या. कन्सेंट फॉर्म मराठीत असू द्या आणि तो कोणीतरी बसून वाचून दाखवू द्या, त्यात हे स्पष्ट लिहा की याने तुम्ही बरे व्हाल असं नाही, आम्ही अजून शिकतोय. दादाला असं कोणी सांगितलं असतं तर तो सही करून वर म्हणाला असता की माझ्यावर शिका. त्याचा स्वभावच तसा होता, आयटीआयमध्ये फिटर होता, नवीन मशीन आलं की पहिला हा उघडून बघायचा.

आणि ट्रायल फसली, पहिल्या दहा पेशंटमध्ये काही उपयोग दिसला नाही, तरी ते छापा. लपवू नका. आमच्यासारख्यांना तेही कळायला हवं, म्हणजे रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधणारा पुढचा भाऊ निदान चुकीच्या गोष्टीमागे धावणार नाही.

येत्या वर्षाच्या प्रपोजल कॉलमध्ये "तोंडाचा कॅन्सर, फोटोथर्मल, माणसांवरची ट्रायल" अशी एक वेगळी ओळ टाकता येईल का, एवढं एका ईमेलने कळवलंत तरी चालेल. नाही म्हणायचं असेल तर कारण लिहा, मी ते माझ्या वर्गात वाचून दाखवीन, त्या मुलीलाही उत्तर द्यायचं राहिलंय.

आपला,
चंद्रपूर जिल्ह्यातला एक फिजिक्सचा मास्तर